मसूर पिकविणारा प्रांत : सास्कॅचेवान

धान्य-कडधान्याच्या व्यापारात असलेल्या आपल्या कुटुंबांत ‘कॅनडा मसूर’ आणि ‘कॅनडा वाटाणा’ हे शब्द नवे नाहीत. जहाज कोणत्या बंदरात लागले, डॉलर कुठे आहे, दिल्लीहून शुल्काची काही बातमी आहे का, याची चौकशी पेढीवर दररोज होते. मात्र हा माल नेमका कोणत्या भूमीत पिकतो, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘कॅनडात’ एवढ्यावरच थांबते. क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाच्या देशाबद्दल हे उत्तर फारच मोघम झाले. कॅनडात पिकणाऱ्या मसुराच्या दहा पोत्यांपैकी सुमारे नऊ पोती एकाच प्रांतातून येतात. त्या प्रांताचे नाव सास्कॅचेवान. कराड-कोल्हापूरच्या रस्त्यावर मिळणारा अख्खा मसूर किंवा मुंबईच्या गाडीवरचा रगडा खाताना आपण कित्येकदा या प्रांताचेच अन्न खात असतो. ज्या मातीशी आपला असा व्यवहार जडला आहे, तिची थोडी ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नकाशात हा प्रांत चटकन ओळखू येतो, कारण त्याच्या सीमा पट्टी ठेवून आखल्यासारख्या आहेत. दक्षिणेला ४९ अंश अक्षवृत्त आणि त्यापलीकडे अमेरिकेची माँटाना व नॉर्थ डकोटा ही राज्ये. उत्तरेला ६० अंश अक्षवृत्त. पश्चिमेला आल्बर्टा आणि पूर्वेला मॅनिटोबा. नदी, डोंगर किंवा किनारा यांपैकी कशानेही जिची सीमा ठरलेली नाही, असा कॅनडातील हा एकमेव प्रांत होय. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,२२५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतरापेक्षा किंचित अधिक. क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ५१ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि एवढ्या विस्तारात माणसे किती, तर २०२१ च्या जनगणनेनुसार ११ लाख ३२ हजार. एकट्या नाशिक शहराची वस्ती याहून मोठी आहे.

उत्तरेकडचा अर्धा भाग अतिप्राचीन खडकाचा, सूचिपर्णी अरण्याचा आणि लहानमोठ्या सुमारे एक लाख सरोवरांचा आहे. तिथे रस्ते थोडे, वस्ती विरळ. दक्षिणेकडचा भाग म्हणजे प्रेअरी, अर्थात गवताळ मैदान. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून मागे सरकला, त्याने आणलेल्या मातीवर हजारो वर्षे गवत उगवले आणि कुजले; त्यातून आजची काळी-तपकिरी सुपीक जमीन तयार झाली. कॅनडातील लागवडीच्या जमिनीपैकी ४० टक्क्यांहून अधिक जमीन या एका प्रांतात आहे. सास्काटून हे सर्वांत मोठे शहर आणि रिजायना ही राजधानी, दोन्ही याच मैदानात वसलेली. सास्काटूनच्या स्थापनेची हकीकत आपल्या वाचकांना आवडेल. टोरांटोच्या काही मेथॉडिस्ट मंडळींनी १८८२-८३ मध्ये मद्यमुक्त वसाहत म्हणून त्या जागेची निवड केली होती. तो निर्बंध फार काळ टिकला नाही, हे मात्र सांगितले पाहिजे.

प्रांताचे नाव क्री भाषेतून, तिथल्या मुख्य नदीवरून आले आहे. अर्थ आहे वेगाने वाहणारी नदी. हवामान टोकाचे. हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि याच प्रांतात ५ जुलै १९३७ रोजी ४५ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. कॅनडातला तो उच्चांक २०२१ पर्यंत मोडला नव्हता. पाऊस-बर्फ मिळून वर्षाचे पाणी आपल्या माणदेशाइतके किंवा त्याहूनही कमी. तरीही पीक येते, कारण वितळलेल्या बर्फाची ओल जमिनीत मुरलेली असते आणि उन्हाळ्यात दिवस सोळा तासांहून मोठा असतो. या थंडीचा व्यापाराशीही संबंध आहे. आयात कडधान्यावर माल निघतानाच मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यावी, असा भारताचा नियम. तर आमचा हिवाळाच किडीचा नाश करतो, असे कॅनडाचे म्हणणे. या वादावर दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार आणि मुदतवाढी चालू राहिल्या.

मूळचे रहिवासी

ही भूमी रिकामी नव्हती. क्री, सोतो, डेने, नाकोटा, डकोटा, लाकोटा अशा अनेक समाजांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे घर होते. युरोपातून प्रथम आली ती सेना नव्हे, तर कंपनी. इंग्लंडच्या राजाने १६७० मध्ये हडसन बे कंपनीला सनद दिली आणि हडसन उपसागराकडे वाहणाऱ्या सर्व नद्यांचा मुलूख तिच्या स्वाधीन केला. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तिचीच ही उत्तरेकडची बहीण. कंपनीने १७७४ मध्ये कंबरलँड हाउस येथे ठाणे घातले. आजच्या सास्कॅचेवानमधील ती सर्वांत जुनी अखंड वसाहत. व्यापार होता बीव्हर या प्राण्याच्या कातड्याचा, युरोपातील श्रीमंतांच्या टोप्यांसाठी. आपल्या वाचकांना हे वाचणे जड जाईल. पण त्या प्रदेशाच्या खतावणीचे पहिले पान हेच आहे आणि ते फाडून पुढे जाता येत नाही.

पुढे १८७० मध्ये कंपनीने हा अफाट मुलूख ३ लाख पौंडांच्या मोबदल्यात कॅनडाच्या हवाली केला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. (ती कंपनी त्यानंतरही दुकानदारी करीत राहिली आणि ३५५ वर्षांनी, २०२५ च्या उन्हाळ्यात, तिची सर्व दुकाने बंद झाली.) याच सुमारास मैदानावरील बायसन, म्हणजे रानगव्यासारखा प्रचंड पशू, बंदुकांपुढे संपत आला. ज्या कळपांचा अंत दिसत नसे, ते १८८० च्या आसपास नाहीसे झाले. मागे राहिली हाडे. ती गोळा करून रेल्वेच्या डब्यांनी अमेरिकेत पाठवली जात, खतासाठी आणि साखर शुद्ध करण्याच्या कोळशासाठी. रिजायनाच्या जागेचे जुने नाव ‘हाडांचा ढीग’ असेच होते; १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ ते बदलले.

बायसन गेले तेव्हा मूळ रहिवाशांचे अन्न, वस्त्र आणि तंबू तिन्ही गेले. क्वापेल येथे १८७४ मध्ये आणि फोर्ट कार्लटन व फोर्ट पिट येथे १८७६ मध्ये सरकारने त्यांच्याशी करार केले. दुष्काळात मदतीचे वचनही त्यांत होते. प्रत्यक्षात शिधा रोखून लोकांना राखीव वस्त्यांत जाण्यास भाग पाडले गेले. रिजायना विद्यापीठातील इतिहासकार जेम्स डॅशुक यांनी ‘क्लिअरिंग द प्लेन्स’ या २०१३ च्या ग्रंथात हा भुकेचा इतिहास सरकारी कागदपत्रांतूनच मांडला आहे. त्यानंतर मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घालण्यात आले. सरकारी निवासी शाळांपैकी शेवटची १९९६ मध्ये बंद झाली, ती याच प्रांतातली. कावेसेस या समाजाने २०२१ मध्ये अशाच एका शाळेच्या आवारात जमिनीखालील तपासणीतून ७५१ नामफलकहीन कबरी आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा सारा देश हादरला. आज प्रांतातील सुमारे १७ टक्के लोक स्वतःला मूळनिवासी म्हणवतात.

जमिनीची चौकट

नव्या देशाला शेतकरी हवे होते. त्यासाठी १८७१ पासून मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन. प्रत्येकाचे ३६ भाग. प्रत्येक भाग ६४० एकरांचा. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर शुल्कावर १६० एकर जमीन मिळू लागली, अट एवढीच की तिथे राहून ती कसावी. विमानातून पाहिले तर ही चौकट आजही दिसते. रस्ते, कुंपणे, पिकांचे रंग सगळे काटकोनात.

सगळ्यांचे जीवन या चौकटीत बसणारे नव्हते. फ्रेंच व्यापारी आणि मूळनिवासी स्त्रिया यांच्या वंशातील मेटी समाज नदीकाठी लांबट पट्ट्यांत शेती करीत असे, म्हणजे प्रत्येक घराला पाण्याची वाट असे. मोजणीदारांची साखळी आली तेव्हा त्यांना आपल्या जमिनीची धास्ती वाटली. अर्ज-विनंत्यांना उत्तर मिळेना. अखेर लुई रिएल आणि गॅब्रिएल ड्यूमाँ यांच्या नेतृत्वाखाली १८८५ मध्ये उठाव झाला. नव्या रेल्वेने सैन्य वेगाने आणले, मे महिन्यात बाटोश येथे चार दिवसांत लढाई संपली आणि १६ नोव्हेंबरला रिजायना येथे रिएल यांना फाशी देण्यात आली. त्या काळी देशद्रोही ठरलेल्या रिएल यांच्या नावाने आज शेजारच्या मॅनिटोबात सार्वजनिक सुट्टी असते.

दुसरी हकीकत दुखोबोर समाजाची. आपल्या वाचकांसाठी ती थोडी सविस्तर सांगतो. रशियातील हा ख्रिस्ती पंथ. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, म्हणून कोणालाही मारणे म्हणजे ईश्वरावरच घाव, ही त्यांची श्रद्धा. पीटर व्हेरिगिन या नेत्याच्या उपदेशाने त्यांतील अनेकांनी मांस, मद्य आणि तंबाखू सोडली. १८९५ मध्ये कॉकेशसच्या पलीकडील गावांतून त्यांनी आपली शस्त्रे एकत्र रचून जाहीरपणे जाळली आणि सैन्यात जाण्यास नकार दिला. झारच्या सरकारने फटके, तुरुंग आणि हद्दपारी यांचा वर्षाव केला. तेव्हा लिओ टॉल्स्टॉय त्यांच्या मदतीला धावले. ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी त्यांनी पूर्ण केली ती तिचे उत्पन्न या लोकांच्या प्रवासासाठी देता यावे म्हणून. १८९९ मध्ये सुमारे साडेसात हजार दुखोबोर कॅनडात आले आणि आजच्या सास्कॅचेवानच्या पूर्व भागात व उत्तर सास्कॅचेवान नदीकाठी त्यांनी गावे वसवली.

सुरुवातीला जनावरे जवळजवळ नव्हती. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर जात. मागे स्त्रिया जोडीने स्वतः नांगर ओढीत. त्या दृश्याचे छायाचित्र तेथील इतिहासाच्या पुस्तकांत हमखास आढळते. शेती सामाईक, कोठार सामाईक, जमाखर्च सामाईक. १९०२ मध्ये त्यांच्यातील काही अतिउत्साही लोकांनी प्राण्यांना गुलाम करणेही पाप आहे म्हणून आपली गुरे-घोडी मोकळी सोडली आणि थंडीच्या तोंडावर पायी निघाले. सरकारने त्यांना परत आणले.

खरा पेच होता कायद्याचा. जमीन नावावर करायची तर प्रत्येकाने स्वतंत्र नोंद करावी आणि राजनिष्ठेची शपथ घ्यावी, असा आग्रह सरकारने धरला. शपथ घेणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते आणि सामाईक जमीन तुकड्यांत वाटणेही. परिणामी १९०७ मध्ये त्यांनी कसून तयार केलेल्या जमिनीचा मोठा भाग सरकारजमा झाला आणि नव्या अर्जदारांना वाटला गेला. हजारो दुखोबोर व्हेरिगिन यांच्यासह पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात निघून गेले. काहींनी शपथ घेतली आणि ते मागे राहिले. व्हेरिगिन नावाच्या लहानशा गावात त्यांचे प्रार्थनागृह आज वारसा म्हणून जपले आहे. माझ्या मते या प्रांताच्या इतिहासात याहून बोलके प्रकरण दुसरे नाही. शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना आश्रय देणारे आणि त्यांची जमीन काढून घेणारे सरकार एकच होते, आणि दोन्हींमध्ये अंतर होते जेमतेम आठ वर्षांचे.

गहू, वाघिणी आणि सहकार

१ सप्टेंबर १९०५ रोजी सास्कॅचेवान स्वतंत्र प्रांत झाला. युक्रेनियन, जर्मन, नॉर्वेजियन, इंग्रज, सगळ्यांनी एकच पीक धरले, ते गव्हाचे. समुद्र दीड हजार किलोमीटर दूर, रेल्वे एका कंपनीची, कोठारे मूठभर मालकांची. तेव्हा वजन, प्रत आणि भाव कोण ठरवणार, हे उघड होते. १९०१ मध्ये इंडियन हेड या गावी शेतकऱ्यांनी संघटना काढली. पुढच्याच वर्षी सिंटालुटा स्थानकावरील रेल्वेच्या प्रतिनिधीने वाघिणी क्रमाने दिल्या नाहीत म्हणून त्यांनी खटला भरला आणि तो जिंकला. वाघिणीच्या नोंदवहीत नाव ज्या क्रमाने, वाघीण त्या क्रमाने. एवढी साधी गोष्ट न्यायालयातून मिळवावी लागली.

१९२४ मध्ये स्थापन झालेला सास्कॅचेवान व्हीट पूल हा सहकारी संघ पुढे प्रचंड वाढला. मैदानातील प्रत्येक स्थानकाशी उभी असलेली लाकडी कोठारे, ज्यांना तिकडे एलिव्हेटर म्हणतात, एकेकाळी तीन हजारांहून अधिक होती. (तो संघ १९९६ मध्ये शेअर बाजारात उतरला आणि पुढे बहुराष्ट्रीय कंपन्यांत विरघळून गेला.) १९२९ नंतर दोन संकटे एकदम आली. डॉलरच्या वर असलेला गव्हाचा बुशेलचा भाव १९३२ पर्यंत चाळीस सेंटांच्या खाली गेला आणि वर्षामागून वर्षे पाऊस रुसला. माती वाऱ्याने उडाली, कुंपणे गाडली गेली. १९३१ मध्ये लोकसंख्येने कॅनडात तिसरा असलेला हा प्रांत नंतर ओसरू लागला.

त्या दशकाने लोकांना एक गोष्ट शिकवली. आजारपण एकट्याने निभावता येत नाही. १९४४ मध्ये टॉमी डग्लस हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी त्यांचा पाय कापावा लागणार होता. एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने विनामूल्य शस्त्रक्रिया केली, म्हणून तो वाचला. अशा योगायोगावर कोणाचे आरोग्य अवलंबून नसावे, हे त्यांनी मनाशी धरले. १९४७ मध्ये रुग्णालयाचा विमा आला, आणि १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांची फी सार्वजनिक निधीतून देणारी योजना लागू झाली. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. योजना टिकली आणि दहा वर्षांत सर्व कॅनडाने स्वीकारली.

मसूर कसा आला

१९७० च्या सुमारास गव्हाचे साठे इतके तुंबले की सरकारने गहू न पेरण्यासाठी पैसे दिले. त्यातच जुनी रीत अशी, की ओल साठावी म्हणून दरवर्षी जमिनीचा मोठा भाग पड ठेवायचा. सास्कॅचेवान विद्यापीठाच्या पीक विकास केंद्रात १९७२ मध्ये अल स्लिंकार्ड हे शास्त्रज्ञ आले आणि त्यांनी या पड जमिनीसाठी कडधान्य सुचवले. मसूर हवेतील नत्र जमिनीत आणतो, पाणी कमी मागतो आणि पैसा देतो. त्यांनी १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण दिले, १९८० मध्ये ‘एस्टन’. ही हिरव्या मसुराची वाणे. आपल्या देशाला हवा असलेला लाल मसूर नंतरच्या पिढीतील शास्त्रज्ञांनी वाढवला. शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात विक्रीतून ठरावीक वाटा कापून घेण्याची पद्धत स्वतःहून लावून घेतली आणि त्या पैशातून संशोधन चालवले. ज्या देशात मसूर कोणी खात नव्हते, तो देश तीस-पस्तीस वर्षांत मसुराचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार झाला.

पीक मे महिन्यात पेरतात. रोप बुटके, शेंगा जमिनीलगत. म्हणून पेरणीनंतर जड रूळ फिरवून दगडधोंडे दाबतात, नाहीतर कापणीत ते कंबाईनच्या पात्यात जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी. मग रेल्वेने रॉकी पर्वत ओलांडून व्हँकूवर आणि तेथून जहाजाने आपल्याकडे. आपला रब्बीचा मसूर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतो, त्यांचा शरद ऋतूत. त्यामुळे हे दोन्ही पुरवठे एकमेकांना पूरक ठरतात. तिथे घड्याळ वर्षभर बदलत नाही, भारतापेक्षा साडेअकरा तास मागे. आपला बाजार सकाळी दहाला उघडतो तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.

पेरणी काय करायची, हे शेतकरी हिवाळ्यात ठरवतो, आणि भाव ठरतो तो पुढल्या वर्षी. २०१५-१६ मध्ये आपल्याकडे डाळी महागल्या तेव्हा त्यांनी २०१६ मध्ये विक्रमी क्षेत्रावर मसूर पेरला. त्याच सुमारास भारतात चांगला पाऊस झाला, पीक उदंड आले, भाव कोसळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसुरावर ३० टक्के शुल्क लागले. आपल्या शेतकऱ्याचे हित पाहता त्या निर्णयाला कारण होते. पण समुद्रात असलेल्या जहाजांचे, उघड्या सौद्यांचे आणि तिथल्या कोठारांतील मालाचे काय झाले असेल, हे या व्यवसायातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे मसुराचे शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा १० टक्के झाले. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ मध्ये शुल्कमुक्त झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के लागले. मधल्या काळात, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध कमालीचे ताणले गेले, तरी मसुराची जहाजे येत राहिली.

कडधान्याखेरीज आणखी एक दुवा आहे, जो पेढीवर कमी आणि शेतात जास्त जाणवतो. प्रांताच्या जमिनीखाली सुमारे एक किलोमीटर खोल, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे क्षार आहेत. त्यातून पोटॅश काढतात. जगातील सुमारे एकतृतीयांश पोटॅश इथला. भारतात पोटॅशच्या खाणी नाहीत, त्यामुळे सगळे आयात करावे लागते. उत्तरेकडील खाणींतून युरेनियम निघते आणि २०१५ मध्ये त्याच्या पुरवठ्याचा करारही भारताशी झाला.

अकरा लाख वस्तीच्या या प्रांताचे स्वतःचे व्यापार कार्यालय आज नवी दिल्लीत आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांतही एवढी लहान वस्ती सापडणार नाही. पण आपल्या अर्थमंत्रालयाची अधिसूचना रात्री निघाली की तिथल्या शेतकऱ्याला ती त्याच दिवशी, सकाळच्या न्याहारीच्या वेळी कळते, आणि मे महिन्यात मसूर किती एकर, वाटाणा किती एकर, याचे गणित तो नव्याने मांडायला बसतो.